डाउनलोडच्या बटणाशेजारची एक ओळ

प्रति,
मुक्त स्रोत प्रकल्पांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्या सर्वांस,



मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. वाचनालयाच्या माडीवर आम्ही एक संगणक-खोली चालवतो. सहा संगणक आहेत, सगळे देणगीत आलेले. एका पतसंस्थेने नवे घेतले तेव्हा जुने चार आम्हाला दिले, आणि दोन एका माजी वाचकाने पुण्याहून टेम्पोत घालून पाठवले. चारांवर विंडोज ७ आहे, एकावर विंडोज १०, आणि एकावर मी स्वतः शिकून लिनक्स घातले. या सहा यंत्रांवर जे चालते त्यातले जवळजवळ सगळे तुम्ही लिहिलेले आहे. मुले लिब्रेऑफिसमध्ये अर्ज टाइप करतात, व्हीएलसीवर व्याख्याने पाहतात, गिंपमध्ये स्नेहसंमेलनाची पत्रके करतात. तुम्ही हे एक रुपयाही न घेता दिलेत. पुढे काही बोचरे लिहिले गेले तरी त्याच्या आधी हे ऋण आहे.

गेल्या पावसाळ्यात नववीतली एक मुलगी माझ्याकडे आली. तिला हलत्या चित्रांची छोटी फिल्म करायची होती. त्यासाठीचा एक मुक्त प्रोग्राम तिने कुठेतरी पाहिला होता. त्याचे नाव इथे लिहीत नाही, कारण तो एकटाच तसा नाही. संकेतस्थळ देखणे होते. मधोमध मोठे बटण, त्याखाली तीन चिन्हे: खिडकी, सफरचंद आणि पेंग्विन. तिने विचारले, “बाई, आपली खिडकीच ना?” मी हो म्हटले. तीनशे एमबीच्या आसपास फाइल होती. आमच्याकडे इंटरनेट म्हणजे माझ्या फोनचा हॉटस्पॉट, त्यात मध्येच वीज गेली. दुपार त्यातच गेली. शेवटी प्रोग्राम बसला, तिने चिन्हावर दोनदा टिचकी मारली, आणि इंग्रजीत निरोप आला की एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ अशा लांबलचक नावाची एक डीएलएल फाइल या संगणकात नाही, प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करून पाहा. पुन्हा करून पाहा म्हटले म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी सगळी फाइल पुन्हा उतरवली. निरोप तोच.

मुलगी चिकाटीची. तिने तो निरोप अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घेतला आणि रात्री भावाच्या फोनवर शोधला. “हरवलेली डीएलएल मोफत मिळेल” असे सांगणाऱ्या जागा इंटरनेटवर पुष्कळ आहेत. तिथून ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन तिसऱ्या दिवशी मोठ्या आनंदाने आली. मी दुसऱ्या कामात होते. तासाभराने पाहिले तर त्या फाइलबरोबर आलेल्या व्हायरसने संगणकावरचे सगळे फोल्डर शॉर्टकट करून टाकले होते. आमच्या दाखल नोंदवहीची चार महिन्यांची संगणकीय नोंद त्याच यंत्रावर होती, ती गेली. नोंदी मी कागदावरून पुन्हा केल्या, त्याचे काही वाटत नाही. ती मुलगी मात्र तीन आठवडे वाचनालयाकडे फिरकली नाही. आपण काहीतरी मोडले, असे तिच्या मनाने घेतले होते.

तिने काहीच मोडले नव्हते. ती फाइल आमच्या संगणकातून हरवलीही नव्हती. विंडोज ७ मध्ये ती कधी नव्हतीच. विंडोज ८ पासून आलेल्या एका सोयीवर तो प्रोग्राम उभा होता. तुमच्या मंडळींना हे ठाऊक होते. शोधता शोधता मला त्या प्रकल्पाच्या दोन वर्षांपूर्वीच्या एका आवृत्तीची बदलनोंद सापडली. तिच्यात साठ-सत्तर ओळींच्या यादीत, खालून कुठेतरी, विंडोज ७ चा आधार काढल्याचे एका वाक्यात लिहिलेले होते. म्हणजे माहिती होती. ज्याला ती आधीच ठाऊक आहे तोच जिथे पोहोचेल, अशा ठिकाणी ती ठेवलेली होती.

माझे मागणे एवढेच आहे की ते वाक्य उचलून बटणाशेजारी आणा.

जुन्या यंत्रांना कायम सांभाळत राहा, असे मी म्हणत नाही. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनेच १४ जानेवारी २०२० रोजी निरोप दिला. ज्या घराचा मालकच सोडून गेला त्याची डागडुजी संध्याकाळच्या मोकळ्या वेळात फुकट काम करणाऱ्या माणसाने करावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. प्रत्येक जुनी प्रणाली जपायची म्हणजे कुणीतरी ती चालू ठेवायची, तिच्यावर दर वेळी चाचणी घ्यायची, तिच्यापायी नव्या सोयी लांबवायच्या. पायथन या भाषेच्या मंडळींनी यावर सरळ नियम केला आहे: पायथनची नवी मोठी आवृत्ती येते त्या वेळी विंडोजच्या ज्या आवृत्त्यांना मायक्रोसॉफ्टची वाढीव मदत चालू असेल, तेवढ्यांवर ती चालेल. नियम कुणाला कडक वाटेल, पण तो सगळ्यांना वाचता येतो. त्यांच्या विंडोजच्या यादीत प्रत्येक नव्या आवृत्तीखाली, डाउनलोडच्या दुव्यांना लागूनच, ती विंडोज ७ किंवा त्याआधीच्या प्रणालीवर वापरता येणार नाही असे लिहिलेले असते. विंडोज ७ साठी शेवटची मालिका ३.८, विंडोज एक्सपीसाठी ३.४. त्या एका वाक्याने आमच्यासारख्यांच्या किती दुपारी वाचल्या असतील!

‘चालते’ हे सगळेच सांगतात. ‘चालत नाही’ हे सांगायला संकोच वाटतो, हे मी समजू शकते. आपण केलेली वस्तू कुणाला तरी मिळणार नाही, हे आपल्याच दारावर लिहायचे जिवावर येते. पण आमच्या बाजूने पाहाल तर नकाराची ओळ होकाराच्या ओळीपेक्षा जास्त उपयोगाची असते. ती वाचली की माणूस थांबतो, दुसरा मार्ग पाहतो. ती नसली की तो स्वतःलाच दोष देत राहतो.

आणि नकाराला लागून पुढची वाट दाखवली तर? व्हीएलसीचे मॅकसाठीचे डाउनलोडचे पान मी लोकांना मुद्दाम उघडून दाखवते, आमच्याकडे एकही मॅक नसताना. नवी आवृत्ती कुठल्या मॅकपासून चालते ते तिथे आधी लिहिले आहे, आणि त्याखाली जुन्या मॅकवाल्यांसाठी वेगळा भाग आहे: १०.६ असेल तर व्हीएलसी २.२.८ घ्या, १०.५ असेल तर २.०.१० घ्या, आणि असे आणखी मागे मागे. स्वयंसेवकांनी चालवलेल्या त्या प्रकल्पाने वीस वर्षांपूर्वीच्या यंत्राच्या मालकालाही रिकाम्या हाताने परत पाठवलेले नाही. त्या जुन्या आवृत्त्यांत ते आता काही दुरुस्ती करत नाहीत, करणारही नाहीत. पण कुठली घ्यायची ते सांगतात. ‘तुमच्या यंत्रावर चालणारी शेवटची आवृत्ती’ ही जगातल्या गरीब संगणकांना सर्वांत हवी असलेली माहिती आहे, आणि ती देणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. मोझिलाने याच्याही पुढे एक पाऊल टाकले. फायरफॉक्स ११५ नंतरची आवृत्ती विंडोज ७ वर चालणार नव्हती, तेव्हा त्यांनी त्या यंत्रांना आपोआप ११५ च्या दीर्घ मुदतीच्या शाखेवर नेऊन ठेवले आणि तिची सुरक्षा-दुरुस्ती ठरलेल्या तारखेपुढे पुन्हा पुन्हा वाढवली. आमच्या चार संगणकांवरची मुले त्या निर्णयामुळे परीक्षेचे अर्ज भरू शकली.

आता नावांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण खरी गफलत तिथे होते.

मी लिनक्स घालायला बसले तेव्हा डेबियन या लिनक्सच्या पानावर मला आय३८६, एएमडी६४, एआरएम६४ अशी नावे दिसली. आमच्या संगणकाच्या पुढ्यात इंटेलचे निळे लेबल चिकटवलेले. साहजिकच मी ठरवले की एएमडी६४ हे एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठी असणार, आपले ते नव्हे. मग उरले आय३८६. त्यातला ‘आय’ इंटेलचा असेल असे वाटले, म्हणून ते घातले. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर बत्तीस बिटांची प्रणाली दोन वर्षे चालवली, आणि कित्येक प्रोग्राम ‘तुमच्यासाठी नाही’ का म्हणतात हे कळेना. पुढे वाचले तेव्हा उलगडले. इंटेलच्या ८०८६ या १९७८ सालच्या प्रोसेसरापासून चालत आलेल्या घराण्याला चौसष्ट बिटांपर्यंत एएमडीने आधी नेले. त्यांचा पहिला तसा प्रोसेसर एप्रिल २००३ मध्ये बाजारात आला. इंटेलने तीच रचना २००४ मध्ये स्वीकारली. पहिल्याचे नाव राहिले, म्हणून इंटेलच्या यंत्रावरही एएमडी६४ च घालायचे असते. त्याच काळात इंटेलची इटेनियम नावाची एक अगदी वेगळी चौसष्ट बिटांची जात होती, तिचे नाव आयए६४. इंटेलचा चौसष्ट बिटांचा संगणक आहे म्हणून ते नाव निवडणारा माणूस तर सरळ खड्ड्यात. आणि आय३८६ हे नाव ज्या प्रोसेसरावरून पडले, त्या १९८५ सालच्या ३८६ वर डेबियन २००५ पासून चालतच नाही. नाव तेवढे उरले आहे.

यात फसवण्याचा हेतू कुणाचाच नाही. ही नावे बांधणीच्या यंत्रणेसाठी ठेवलेली आहेत, आणि तिथे ती बरोबरच आहेत. पण दारावरची पाटी घरातल्यांसाठी नसते. “गेल्या पंधरा वर्षांत घेतलेला बहुतेक कुठलाही इंटेल किंवा एएमडीचा संगणक” असे साध्या शब्दांत आधी लिहा, आणि तांत्रिक नाव त्याच्या मागे ठेवा. आपल्या संगणकावरची विंडोज किती बिटांची आहे हे कुठे पाहायचे, तेही दोन वाक्यांत सांगता येते. विंडोज ७ मध्ये ‘कॉम्प्युटर’वर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’ उघडले की ‘सिस्टीम टाइप’ दिसते. माझ्या खोलीतल्या चौथीतल्या मुलालाही हे जमते, कुणी एकदा सांगितले की.

त्याच नावांच्या रांगेत पेंग्विन येतो. ‘लिनक्सवर चालते’ हे वाक्य पुरेसे नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बहुतेक लिनक्सच्या तळाशी जीलिबसी नावाचे एक ग्रंथालय असते. प्रोग्राम ज्या जीलिबसीवर बांधला त्याच्यापेक्षा जुने यंत्रात असेल तर तो बहुधा उघडत नाही, आणि जो निरोप येतो तो वाचून माझ्यासारखी ग्रंथपालही दचकते. “डेबियन ११ किंवा त्यानंतरचे, उबंटू २०.०४ किंवा त्यानंतरचे” असे चार शब्द लिहिलेत तर पेंग्विनच्या चित्राला अर्थ येईल. आता तर बिटांची गोष्टही लिहायला हवी. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला बत्तीस बिटांच्या इंटेल-एएमडी यंत्रांसाठी इन्स्टॉलर उरला नाही. लिब्रेऑफिसने बत्तीस बिटांच्या लिनक्ससाठी स्वतः बांधणी करणे ६.३ या आवृत्तीपासून थांबवले. फायरफॉक्सने तसेच जाहीर केले: १४४ ही त्यांची शेवटची.

दुसरी अडचण हुशार बटणाची. पान उघडणाऱ्याचा संगणक ओळखून त्याला हवी तीच फाइल पुढे करायची, बाकीच्या दडवायच्या, अशी पद्धत पडली आहे. शहरात, एका माणसाला एक संगणक असेल तिथे ती सोयीची असेल. आमच्याकडे फाइल उतरवणारे यंत्र आणि ती वापरणारे यंत्र वेगळे असतात. गावातली पुष्कळ मुले फोनवर फाइल उतरवतात आणि केबलने किंवा पेन ड्राइव्हने संगणकावर आणतात, कारण डेटा फोनमध्येच असतो. फोनवरून पान उघडले की तुमचे हुशार बटण सांगते, हा प्रोग्राम तुमच्या उपकरणासाठी उपलब्ध नाही. संपले! संगणकाच्या फायली कुठे आहेत हे शोधायला तिथे दुवाही नसतो, किंवा असला तर पानाच्या तळाशी करड्या बारीक अक्षरांत.

शिवाय ती ओळख खरीही नसते. विंडोज ११ वरचा ब्राउझर स्वतःची ओळख विंडोज एनटी १०.० अशीच देतो, विंडोज १० वरचा देतो तशीच. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणारा नवा मॅकही, सफारी किंवा क्रोम उघडले तर, आपण इंटेलचा मॅक असून १०.१५.७ वर आहोत असे सांगतो. जुनी संकेतस्थळे बिघडू नयेत, माणसांचा माग काढता येऊ नये, अशा कारणांनी ब्राउझरांनी ही माहिती मुद्दाम गोठवली आहे, आणि ते योग्यच आहे. पण मग त्या गोठलेल्या माहितीवर विसंबून आमच्यासाठी निवड करू नका. अंदाज खुशाल करा, तो ठळकही ठेवा. त्याच्या शेजारी बाकीच्या सगळ्या फायली उघड्या असू द्या.

आमच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक दृष्टिहीन तरुण येतो. तो एनव्हीडीए वापरतो. पडद्यावरचे वाचून दाखवणारा हा प्रोग्राम ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतला, त्याचा एक अंध मित्र त्याला येऊन मिळाला, आणि त्यांनी तो मुक्त ठेवला. ईस्पीक नावाच्या संगणकीय आवाजात तो मराठीही वाचतो. त्या तरुणाबरोबर बसून मी एका प्रकल्पाचा सुसंगततेचा तक्ता ऐकला. आडव्या रांगेत प्रणाल्या, उभ्या रांगेत आवृत्त्या, आणि घराघरांत हिरवी बरोबरची खूण किंवा लाल फुली. डोळ्यांना सुंदर. एनव्हीडीएने वाचले: ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक. चित्रांना पर्यायी मजकूर दिलेला नव्हता. तो हसला नाही, चिडलाही नाही, त्याने कानातला इअरफोन काढला आणि मला म्हणाला, “ताई, तुम्हीच वाचा.” स्वतःच्या बळावर संगणक वापरता यावा म्हणूनच त्या दोघांनी तो प्रोग्राम लिहिला होता. हिरव्या खुणेच्या जागी ‘चालते’ आणि लाल फुलीच्या जागी ‘चालत नाही’ असे शब्द असते तर त्याला माझी गरज पडली नसती. लाल आणि हिरवा वेगळे न दिसणाऱ्यांनाही नसती. फोनच्या अरुंद पडद्यावर तो भला रुंद तक्ता डावी-उजवीकडे सरकवत बसणाऱ्यांचीही सुटका झाली असती. म्हणून मी तक्त्यापेक्षा वाक्याच्या बाजूची आहे.

एनव्हीडीएच्या मंडळींनी या बाबतीत स्वतः काय केले तेही पाहा. २०१७.३ ही एक्सपीवर चालणारी शेवटची, २०२३.३.४ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची, असे ते उघड सांगतात. आम्हाला नेमकी ती आवृत्ती मागता आली.

मी शेतकऱ्याच्या घरातली आहे. लहानपणी बियाण्याच्या पिशव्या आणताना वडील आधी पिशवीवरचे लेबल वाचत. त्यावर वाण असते, उगवणशक्तीचा टक्का असतो, चाचणी कधी घेतली ती तारीख असते आणि कधीपर्यंत वैध ती तारीख असते. नुसते ‘उगवते’ असे लिहिलेली पिशवी वडिलांनी घेतली नसती. तुमच्या पानावरच्या ‘विंडोजवर चालते’ या शब्दांमागे चाचणी कधी झाली? कुणी घेतली? सहा वर्षांपूर्वी एकाने करून पाहिले आणि तेव्हापासून वाक्य तसेच राहिले, असे किती पानांवर असेल! तारीख नसलेली सुसंगतता आम्हाला जोखता येत नाही.

‘चालते’ या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात, हे मला रस्ट या भाषेच्या मंडळींकडून कळले. त्यांनी आधाराच्या पायऱ्या पाडल्या आहेत. पहिल्या पायरीवरच्या यंत्रांसाठी नेहमी चाचण्या होतात, चालण्याची हमी आहे. दुसरीवर बांधणी होते एवढी हमी आहे, चाचण्या होतीलच असे नाही. तिसरीवर कोड आहे, पण तो आपोआप बांधून किंवा तपासून पाहिला जात नाही. विंडोजच्या जुन्या आवृत्त्या सोडायच्या ठरल्या तेव्हा त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये आधी जाहीर केले, मे महिन्यात १.७८ या आवृत्तीपासून ते अमलात आणले, आणि ज्यांना विंडोज ७ सोडता येत नाही त्यांच्यासाठी तिसऱ्या पायरीवर वेगळी जागा ठेवली. आमच्यासारख्यांना ‘पायरी’ हा शब्द नको. “आम्ही दर आवृत्तीला तपासतो”, “चालायला हवे, आम्ही तपासलेले नाही”, “कुणीतरी चालवल्याचे कळवले आहे” एवढ्या तीन वाक्यांनी काम होईल. तपासलेले नाही असे लिहिण्यात कमीपणा नाही. मी तर तसे लिहिणाऱ्यावर जास्त विश्वास ठेवीन.

हे सगळे हाताने कोण अद्ययावत ठेवणार, असे तुम्ही म्हणाल. प्रश्न रास्त आहे. पण ही माहिती तुम्ही एकदा लिहिलेलीच असते, माणसांऐवजी यंत्रांसाठी. पायथनच्या पॅकेजमध्ये ‘पायथनची अमुक आवृत्ती लागते’ अशी एक ओळ असते. पिप हे साधन नोव्हेंबर २०१६ च्या ९.० आवृत्तीपासून ती ओळ वाचते, आणि तुमच्या पायथनवर न चालणारी नवी आवृत्ती बाजूला ठेवून चालणारी शेवटची शोधून देते. आयपायथन या प्रकल्पाच्या मंडळींनी २०१७ मध्ये पायथन २ सोडले, त्याआधी त्यांनी या सोयीसाठी मेहनत घेतली होती. आपल्यामुळे जुन्या वापरकर्त्यांचा चालू संसार मोडू नये म्हणून. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारातही प्रत्येक आवृत्तीखाली ती अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीपासून चालते हे लिहिलेले असते, आणि ते कुणी बसून टाइप करत नाही. ॲपच्या आतल्या नोंदीतून ते आपोआप उचलले जाते. तुमच्या बांधणीच्या फायलींत कमीत कमी कुठली प्रणाली लागते ते आहे, चाचण्या कुठल्या यंत्रांवर चालल्या ते आहे, तारखाही आहेत. त्यांतून पानावरची ओळ तयार करणे हे तुमच्यापैकी एखाद्याचे दोन संध्याकाळचे काम असेल. मला ते येत नाही, नाहीतर मीच करून पाठवले असते.

जुन्या आवृत्त्यांचा रस्ता दाखवण्याला एक खरा आक्षेप आहे, तो मी टाळणार नाही. जुन्या आवृत्तीत न बुजवलेली भोके असतात. ती पुढे करणे म्हणजे लोकांना धोक्यात ढकलणे, असे तुमच्यातले काही जण म्हणतात. ब्राउझरच्या बाबतीत मी त्यांच्याशी सहमत आहे. कुणालाही पाच वर्षे जुना ब्राउझर देऊ नका. पण चित्रे काढायचा प्रोग्राम, इंटरनेटला न जोडलेल्या यंत्रावर, नववीतल्या मुलीसाठी? तिथे तोलून पाहायला हवे. “या आवृत्तीला आता सुरक्षा-दुरुस्ती मिळत नाही; अनोळखी फायली उघडू नका” असे त्याच ओळीत लिहा आणि द्या. तुम्ही दिले नाही म्हणून माणूस सुरक्षित होत नाही. तो तीच आवृत्ती कुठून तरी मिळवतो, आणि त्या ‘कुठून तरी’चा अनुभव आमच्या दाखल नोंदवहीने घेतला आहे.

हे आत्ताच लिहायचे कारणही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मदत संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक लागतो आणि ठरावीक पिढीनंतरचे प्रोसेसर लागतात. धडधाकट चालणारी असंख्य यंत्रे त्या उंबरठ्याच्या बाहेर राहिली. केडीई आणि इतर मुक्त स्रोत मंडळींनी मिळून ‘एंड ऑफ १०’ नावाची मोहीम काढली आहे, ती यंत्रे भंगारात जाण्याऐवजी लिनक्सवर यावीत म्हणून. मनापासून आनंद झाला. शहरातल्या कचेऱ्या ती यंत्रे टाकू लागतील तशी ती आमच्याकडे येतील. आमच्यासारख्या वाचनालयांकडे, शाळांकडे, झेरॉक्सच्या दुकानांकडे. तुमच्या पानांवर येणाऱ्यांत जुन्या यंत्रांचे मालक वाढणार आहेत, आणि त्यातले बरेचसे पहिल्यांदाच तुमच्या दारात उभे असतील.

एक विनंती मराठीसाठी. लिब्रेऑफिसचा चेहरा मराठीत आहे, त्यामागे कुणाकुणाची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. पण आधी मेनू मराठीत येतात आणि डाउनलोडचे पान इंग्रजीतच राहते, असे मी पुष्कळ प्रकल्पांत पाहिले. माणूस मेनूपर्यंत पोहोचायचा तर त्याला आधी ते पान ओलांडावे लागते. भाषांतर करणाऱ्यांना पहिले वाक्य कुठले द्यायचे, असा प्रश्न पडला तर हे द्या: “हा प्रोग्राम विंडोज १० किंवा त्यानंतरच्या विंडोजवर चालतो, तुमच्याकडे विंडोज ७ असेल तर ही आवृत्ती घ्या.” यातला एकही शब्द आमच्या वाचकांना अवघड नाही.

शेवटी देणे. ती मुलगी परत आली. मी तिच्या घरी जाऊन तिला सगळे समजावले, आणि एक काम दिले. तिने सहाही संगणकांवर कार्डशीटची लेबले लावली आहेत: कुठली विंडोज, किती बिट, किती रॅम, कुठला प्रोसेसर. भिंतीवर एक मोठा कागद आहे. त्यावर डावीकडे तुमच्या प्रोग्रामांची नावे आणि उजवीकडे एक रकाना: ‘आपल्याकडे चालणारी शेवटची आवृत्ती’. शनिवारी दुपारी वाचनालय बंद असते, तेव्हा ती आणि तिच्या दोन मैत्रिणी एकेक आवृत्ती बसवून पाहतात, तारीख घालून लिहितात. सोळा प्रोग्राम झाले, अकरा राहिलेत. तिला हवा होता त्या चित्रांच्या प्रोग्रामची चालणारी आवृत्ती चौथ्या शनिवारी सापडली. तुमच्याच भांडारात होती, दुवा नसलेल्या एका फोल्डरमध्ये. तिची फिल्म चाळीस सेकंदांची झाली आहे.

तो कागद टाइप करून आम्ही प्रत्येक प्रकल्पाला पाठवू, मराठीत आणि जमेल तशा इंग्रजीत. आमची यंत्रे जुनी आहेत, त्यामुळे तुमच्याकडे नसलेल्या चाचण्या आम्ही घेऊ शकतो. कुठल्या आवृत्त्या तपासून हव्यात ते कळवा. फायली मोठ्या असतील तर दोन आठवडे धरा.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल